ओरडल्याने हिमस्खलन होत नाही
‘बर्फाळ डोंगरात ओरडलं की हिमस्खलन होतं, गप्प चाला’ असा मेसेज फिरतोय. हे खरं नाही. माणसाच्या आवाजाचा दाब त्यासाठी फारच क्षीण असतो. बर्फ सुटतो तो वजनाने: वर घट्ट थर, खाली साखरेसारखा भुसभुशीत थर आणि त्यावर पडलेलं आपलंच पाऊल. जीवघेण्या अपघातांत दहापैकी सुमारे नऊ वेळा तो थर अडकलेल्यानेच किंवा त्याच्या सोबत्याने मोडलेला असतो. 30 ते 45 अंशांचे उतार सर्वांत धोक्याचे. पायाखाली ‘धप्प’ झालं, बर्फात भेग पळाली, तर तिथूनच मागे फिरा. आणि कृपा करून गप्प राहू नका, सोबत्यांना ओरडूनच सावध करा! गाडलेल्यासाठी पहिली 10-15 मिनिटंच मोलाची. बीकन (गाडलेला कुठे आहे ते सिग्नलने सांगणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं प्रत्येकाजवळ हवंच.