‘न्यूज’ म्हणजे चार दिशा? नाही हो!

स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्ये, शाळेच्या फळ्यावर आणि अर्थातच व्हॉट्सॲपवर एक ‘माहिती’ वर्षानुवर्षं फिरतेय: नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ यांची आद्याक्षरं जोडली की झालं न्यूज. चारही दिशांकडून येते ती बातमी. ऐकायला झकास, पण साफ खोटं.

हा शब्द म्हणजे ‘न्यू’चं अनेकवचन, अर्थ नव्या गोष्टी. फ्रेंच ‘नूव्हेल’ आणि लॅटिन ‘नोव्हा’ ही बातमीवाचक रूपंही अशीच घडली आहेत. आता त्यांत कोणी दिशा शोधून दाखवाव्यात.

यावर लगेच सवाल येतो, ‘अनेकवचन असेल तर न्यूज इज का म्हणतात?’ आज म्हणतात, पूर्वी दोन्ही चालायचं. शेक्सपिअरच्या नाटकात ‘दीज न्यूज’ असा सरळ अनेकवचनी प्रयोग आहे. शेवटी ‘एस’ असून एकवचनी चालणारं मॅथेमॅटिक्स तर आपण शाळेपासून सोसलंय.

स्पेलिंग बघा. जुन्या इंग्रजी लिखाणात हाच शब्द एन-ई-डब्ल्यू-ई-एस असाही लिहिलेला सापडतो. म्हणजे पूर्व दिशा दोनदा मोजायची का?

‘वर्तमानपत्रवाल्यांनी दिशा जोडून शब्द तयार केला’ हेही कालगणनेत बसत नाही. बातमी या अर्थाने शब्द १५व्या शतकात रुळला होता. कॅक्सटनने इंग्लंडमध्ये छापखाना काढला १४७६ साली, आणि इंग्रजीत छापील बातमीपत्रं निघू लागली ती १६२०च्या सुमारास. शिवाय आद्याक्षरं जोडून रोजच्या वापरातले शब्द पाडायची टूम मुख्यतः २०व्या शतकातली. रडार, लेझर ही त्याच कारखान्यातली पोरं.

कल्पना मात्र जुनी आहे, हे मान्य करायला हवं. १६४०च्या एका इंग्रजी विनोदी काव्यसंग्रहात बातमी उत्तर-पूर्व-पश्चिम-दक्षिणेकडून येते अशी शाब्दिक कोटी आहे. कोटी म्हणून छानच! तिची व्युत्पत्ती केली ती पुढच्यांनी.

हल्ली दुसरा फुलफॉर्मही फिरतोय: नोटेबल इव्हेंट्स, वेदर, स्पोर्ट्स. एकाच शब्दाची दोन ‘खरी’ मूळं, आणि दोन्ही पाठवणारा बऱ्याचदा एकच काका.