नाव सांगा, काकाजी

माझं नाव उकंडा. आमच्या वऱ्हाडात उकिरड्याला उकंडा म्हणतात. माझ्याआधीची तीन लेकरं मायच्या हाती लागली नाहीत, म्हणून मी झालो तशी आजीनं मला सुपात घालून थेट शेणखताच्या ढिगावर नेऊन ठेवलं. शेजारच्या काकूनं उचललं आणि मायनं पायलीभर ज्वारी मोजून मला परत विकत घेतलं. टाकाऊ माल दिसला की यमही नाक मुरडून पुढं जातो, असा तो हिशेब. केरबा, दगडू, भिकाजी हे सगळे माझेच भाऊबंद. धोंडो केशव कर्व्यांना 1958 साली भारतरत्न मिळालं, म्हणजे धोंड्याचं सोनं झालं. उकंड्याचा नंबर अजून लागायचा आहे.

गावात 'गजानन' अशी हाक मारली की पाच जण वळतात. त्या पाचांना मी ऐकवतो, "महाराज 1878 साली शेगावात पहिल्यांदा दिसले ते उष्ट्या पत्रावळीपाशी. पत्ता आपला एकच हाय लेकहो!" ते हात जोडतात. मला नाही, महाराजांना.

यमाला फसवणं सोपं गेलं, आधारनं मात्र धरलं. सातबाऱ्यावर मी उकंडा, पासबुकात उकर्डा आणि आधारवर युकंदा. इंग्रजीत टाकलं की मराठी आपोआप उमटते म्हणे. त्या यंत्रानं जन्मात खत पाहिलं नसावं. पीएम किसानचा 2000 रुपयांचा हप्ता अडकला. त्यात फोनवरची पोरगी विचारते, "युगांडाजी बोलत आहात का?"

शेवटी बायकोला घेऊन केंद्रात गेलो. माझे समोरचे दोन दात गेलेले. तीनदा सांगितलं, तरी पोराला 'उकन्ना'च ऐकू गेलं. "काकाजी, तुमी राहू द्या. काकीले सांगू द्या."

काकीनं चाळीस वर्षांत माझं नाव घेतलेलं नाही. 'अवो' वर संसार झाला. पण रांगेतल्या बायांनी "घे वो बाई, घे!" म्हणून भरीस घातलं. तिनं पदर सावरला, भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाली,

"सोन्याच्या साखळीले रेशमाचा गोंडा,
माह्या कुकवाचे धनी... उकोंडा!"

टाळ्या पडल्या. "हां, आता समजलं," म्हणत पोरानं बटण दाबलं.

पावती हातात आली. उकोंडा.