लकवा आणि ‘थेट मोठ्या शहरात न्या’ हा सल्ला

लकव्याबद्दल एक सल्ला सतत फॉरवर्ड होतो: ‘सिव्हिलमध्ये वेळ घालवू नका, तिथे न्यूरोलॉजिस्ट (मेंदूविकारतज्ज्ञ) नसतो. अ‍ॅस्पिरिन आणि बीपीची गोळी देऊन थेट मोठ्या शहरात न्या. वेळ उलटली तर उपाय नाही.’ हेतू चांगला असेलही, पण सल्ला घातक आहे.

‘थेट मोठ्या शहरात.’ लकवा मेंदूच्या रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी अडकल्याने किंवा मेंदूत रक्तस्राव झाल्याने होतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. हे तास माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून मोजतात. आधी साधा सीटी स्कॅन हवा, मेंदूत रक्तस्राव नाही ना हे पाहायला. त्यामुळे विचारायचं ते एवढंच: चालू सीटी जवळात जवळ कुठे आहे? सिव्हिलमध्ये असेल तर तिथेच जा. नसेल तर नुसतं सलाईन लावून ठेवणाऱ्या दवाखान्यात थांबू नका. मोठी रक्तवाहिनी तुंबली असेल तर कॅथेटरने (रक्तवाहिनीतून घातलेल्या बारीक नळीने) गुठळी काढायला शहर गाठावंच लागतं. पण इंजेक्शन देण्याजोगं असेल तर ते सुरू करून.

‘न्यूरोलॉजिस्ट नसतो.’ हिमाचलमध्ये २०१४ पासून जिल्हा रुग्णालयांतले डॉक्टर सीटीचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मेडिकल कॉलेजच्या न्यूरोलॉजिस्टना पाठवतात आणि त्यांच्या सल्ल्याने इंजेक्शन देतात. तिथल्या घाटरस्त्यांवर दुसरा मार्गही नव्हता.

‘गोळ्या देऊन.’ रक्तस्राव असेल तर अ‍ॅस्पिरिनने तो वाढू शकतो, म्हणून सीटीआधी नाहीच. गुठळीच्या लकव्यात इंजेक्शन द्यायचं नसेल तर बीपी २२०/१२० च्या वर जात नाही तोवर ते सहसा उतरवत नाहीत. द्यायचं असेल तर १८५/११० च्या खाली आणतात, तेही हळूहळू, शिरेतून. जिभेखालच्या गोळीने दाब एकदम कोसळला तर तग धरून असलेला मेंदूचा भागही जातो. त्यापेक्षा बोटाला टोचून शुगर बघा. ती फार उतरली तरी लकव्यासारखंच दिसतं.

‘वेळ उलटली तर उपाय नाही.’ हे तर निखालस खोटं. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या १९ स्ट्रोक युनिटांपैकी (लकव्याच्या रुग्णांसाठीच्या खास विभागांपैकी) १० ठिकाणी परिचारिकांनी पहिले तीन दिवस ताप, साखर आणि गिळणं यांवर काटेकोर लक्ष ठेवलं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९० दिवसांनी मृत वा परावलंबी रुग्णांचं प्रमाण ४२ टक्के होतं, एरवीच्या पद्धतीने चाललेल्या बाकीच्या युनिटांत ५८. त्याला इंजेक्शन नव्हे, तर थर्मामीटर, ग्लुकोमीटर आणि गिळणं तपासायला शिकलेली सिस्टर लागते. आपल्याकडे मात्र तोंड वाकडं झालेल्या माणसाला नातेवाईक आधी चहा पाजतात, तो श्वासनलिकेत जातो आणि न्यूमोनिया होतो. खाटेवर ‘तोंडाने काही देऊ नये’ ही पाटी कुठल्याही ग्रामीण रुग्णालयाला आजच लावता येईल.