पन्नाशीत डब्बा ऐसपैस

आज सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला. "संध्याकाळी मुलांबरोबर मोठ्या बायकाही कंपाउंडमध्ये धावताना, ओरडताना दिसतात. किमान मोठ्यांनी तरी वयाचं भान ठेवावं." खाली अंगठ्यांची रांग. नाव कुणाचं घेतलेलं नाही, पण काल डब्बा ऐसपैस खेळणाऱ्या मोठ्या बायका दोनच होत्या, मी आणि सी विंगमधली माझी मैत्रीण. उत्तर इथे देते, कारण ग्रुपवर दोन ओळींच्या पुढे कुणी वाचत नाही.

मी पन्नाशीला आलेय, मुलगी आठवीत आहे. आणि मला खेळायला आवडतं. लेकीला वेळ द्यायचा म्हणून मी खाली उतरत नाही. मला आवडतं म्हणून उतरते.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी पहिलीत होते. त्या अडीच लाख कामगारांत माझे बाबा होते. लालबागच्या चाळीत एक खोली. आई खानावळीच्या चपात्या लाटायची आणि बाबा गॅलरीत कठड्याला टेकून उभे असायचे. बोलायचे नाहीत. मे महिना आला तोवर चाळीतली कितीतरी बिऱ्हाडं गावाला गेली होती, आम्ही राहिलो. खेळायला भिडू कमी पडायला लागले. एका संध्याकाळी कुणीतरी पोरगा खालून ओरडला, "काका, तुम्ही या ना!" आणि बाबा उतरले. अंगात बनियन आणि लेंगा, तसेच. चकल्यावर पहिलंच राज्य त्यांच्यावर आलं आणि आम्ही त्यांना मनसोक्त पिदवलं. ते जिन्याकडे एकाला शोधायला वळले की दुसरा येऊन डबा उडवायचा. आई लाटणं हातात घेऊनच गॅलरीत आली. बाबा हसत होते. कित्येक महिन्यांत मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनीच विचारलं, "काय रे, खेळायचं ना?"

आता मला सांगा, वयाचं भान त्या माणसाला नव्हतं? घरात पैसा नाही, संप मिटायची चिन्हं नाहीत, डोक्यावर दुकानदाराची उधारी. भान होतं म्हणूनच तो माणूस खाली उतरला.

आणि आपल्याकडे मोठ्यांनी खेळणं कधीपासून वाईट झालं? श्रावणात मंगळागौर जागवायला फक्त नवी सून नसायची. मावशी, आत्या, शेजारच्या काकू, सगळ्या पदर खोचून झिम्मा, पिंगा, फुगडी, लाट्या, किकीचं पान खेळायच्या. रात्रभर. वारीत पांढऱ्या मिशांचे बुवा एकमेकांचे हात धरून फुगडी घालतात आणि मग एकमेकांच्या पाया पडतात. तिथे आपण हात जोडतो. तीच फुगडी मी पार्किंगजवळ घातली की लगेच वयाचं भान!

दुसरं. आमच्याच सोसायटीतले पुरुष रविवारी रात्री तासावर पैसे भरून टर्फवर क्रिकेट खेळायला जातात. चाळिशीचे, पन्नाशीचे. पाय मुरगळून येतात, फोटो टाकतात, त्याच ग्रुपवर आपण "जबरदस्त!" लिहितो. जरूर खेळावं त्यांनी. पण बाई धावली की डोळ्यांवर येतं, हे मला सहन होत नाही. मेसेज टाकणाऱ्यालाही मनातून हे माहीत आहे, म्हणून तर त्यात "बायकाही" असं आलंय.

तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांची तब्येत बरी नाही, हे मान्य. डबा एखाद्या गाडीला लागतो, हेही खरं. त्यासाठी जागा बदलू, वेळ ठरवू. खेळच बंद कशाला?

"मुलांच्यात मूल झालं की धाक राहत नाही," असं मला एका काकूंनी लिफ्टमध्ये समजावलं. बाबांचा धाक काही कमी झाला नाही हो. आदल्या संध्याकाळी पिदवलेल्या बाबांनी सकाळी तेराचा पाढा चुकला म्हणून मला चांगलंच उभं केलं होतं. फक्त त्यांची भीती वाटेनाशी झाली. धाक आणि भीती यातला फरक मला त्या उन्हाळ्यात कळला आणि माझ्या लेकीलाही तो कळावा असं मला मनापासून वाटतं.

बाकावर बसून मोबाइल बघत "जा, खेळ जा" म्हणणाऱ्या आईबाबांवर मी मघाशी बरंच काही लिहिलं होतं, ते पुसलं. ठाणा फास्टला लोंबकळून आलेल्या माणसाला मी काय बोलू? मीही त्याच गाडीने येते. एवढंच सांगते की दमल्यावर बसून दमणूक जात नाही. डबा वाजला, पोरं पांगली, गाडीमागे श्वास रोखून लपलं की ऑफिस आपोआप डोक्यातून निघून जातं. करून बघा.

गेटवर "खेळण्यास सक्त मनाई" हा बोर्ड ज्यांनी लावायचं ठरवलंय, त्यांच्यासाठी. १९८९ च्या आंतरराष्ट्रीय बालहक्क कराराचं ३१वं कलम मुलांना खेळण्याचा हक्क देतं आणि भारताने १९९२ मध्ये तो करार स्वीकारला आहे. त्या कलमात मोठ्यांचं नाव नाही. चालेल, आम्ही मुलांचे भिडू म्हणून येऊ.

बाबांची गिरणी पुन्हा उघडली नाही. पुढे त्यांनी वॉचमनची नोकरी केली, रात्रपाळीची. तरी रविवारी खाली उतरायचेच. माझी लेक चार वर्षांची असताना तिला मांडीवर घेऊन त्यांनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं होतं, "पाण्याच्या पिंपामागे लपायचं नाही, राज्य असलेला तिथेच पहिला बघतो." तिला काही कळलं नव्हतं. आता ती तेच खाली छोट्यांना शिकवते.

तर उद्या शनिवार. सहा वाजता, मागच्या बाजूला, गाड्यांपासून लांब. साडेसातला बंद, आजोबांना मी स्वतः सांगून येईन. मेसेज टाकणाऱ्यांनीही यावं, मनापासून बोलावतेय. गुडघे दुखत असतील तर कच्चं लिंबू व्हा, राज्य येणार नाही. डबा मी आणते.