गरजा लिहून ठेवायला काय जाते?
राजारामपुरीतल्या आमच्या छोट्याशा ऑफिसात काल अख्खी दुपार एक जुने सॉफ्टवेअर उबुंटू २२.०४ या लिनक्स प्रणालीवर बसवण्यात वाया गेली, कारण त्याला ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरची १.१ ही लायब्ररी (इतर प्रोग्राम वापरतात तो तयार कोड) हवी होती आणि उबुंटूच्या या आवृत्तीत ३.० येते. प्रोग्रामला कोणत्या लायब्ररी लागतात हे दाखवणारे एलडीडी चालवले, तर ओपनएसएसएलच्या लिब-एसएसएल आणि लिब-क्रिप्टो या दोन्ही नावांपुढे फक्त ‘नॉट फाउंड’. कोणते पॅकेज (बसवायचा सॉफ्टवेअरचा संच) हवे, याचा कुठे उल्लेख नाही. कधी लायब्ररी असते, पण ती वापरताना कोडला लागणाऱ्या हेडर फाइली वेगळ्या ‘डेव्ह’ पॅकेजात असल्यामुळे कंपाइल, म्हणजे कोडपासून प्रोग्राम बनवणे, अडते; हे नवख्या मुलांना कोणी सांगायचे? प्रोग्राम लिहिणाऱ्याला त्याच्या सगळ्या गरजा ठाऊक असतात, मग त्या आवृत्तीसह रीडमी या माहितीच्या फाइलमध्ये लिहिताना त्याचा हात का आखडतो, याचा मला मनस्वी संताप येतो.