ताज चुकला, ती चूक आमचीच

नमस्कार ताई,

दिल्ली-जयपूर-आग्रा सहलीबद्दल तुम्ही एक तारा देऊन लिहिलंत, "ताजमहाल बघायला गेलो आणि नदीपलीकडून धुक्यात बघून परत आलो." शिवाय फत्तेपूर सिक्रीच्या रिकाम्या महालांत अडीच तास गेले, सासूबाईंना बुलंद दरवाजाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या, आग्र्याच्या किल्ल्यात गाइडने शिवाजी महाराजांची कोठडी दाखवली नाही, आणि जाब विचारला तर "धुक्यापुढे कुणाचं काय चालतं" असं ऐकावं लागलं. मी दोन दिवस आमच्या माणसांशी बोलले, त्या गुरुवारच्या वेळा तपासल्या, मगच उत्तर लिहायला बसले.

धुक्याचं कारण मी सांगणार नाही. डिसेंबरअखेरीस त्या पट्ट्यात धुकं असतं हे आम्हाला दरवर्षी दिसतं. ताज शुक्रवारी पर्यटकांसाठी बंद असतो, हेही आमच्या धंद्यात कुणाला नव्याने सांगावं लागत नाही. तरीही आम्ही ताज गुरुवारी दुपारी ठेवला आणि हातात दुसरा दिवस ठेवलाच नाही. ही आखणी माझी होती.

त्यापुढची चूक मला जास्त बोचते. धुक्यामुळे जयपूरहून बस सातऐवजी दहाला निघाली आणि दोनच्या सुमारास सिक्रीला पोचली. तिथून आग्रा जेमतेम चाळीस किलोमीटर. ताज सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी बंद होतो, म्हणजे त्या दिवसांत पाचच्या आसपास. बस सिक्रीला न थांबता सरळ पुढे गेली असती तर तासभर का होईना, तुम्ही त्या चौथऱ्यावर उभ्या राहिला असता. सिक्री शुक्रवारी उघडी असते, ती दुसऱ्या दिवशी निवांत झाली असती. साधी अदलाबदल होती. पण छापील कार्यक्रमात सिक्री आधी होती, म्हणून आधी सिक्री झाली. आमच्या टूर मॅनेजरने मला फोन केला नाही, कारण कार्यक्रम बदलायची मुभा मी त्याला कधी दिलीच नव्हती. "धुक्यापुढे काय चालतं" हे त्याचं बोलणं चुकीचंच होतं. त्याबद्दल मी तुमची माफी मागते आणि तोही मागणार आहे.

सासूबाईंबद्दल तुम्ही लिहिलेलं खरं आहे. बुलंद दरवाजा म्हणजे सिक्रीच्या मशिदीचं मोठं प्रवेशद्वार, त्याच्या पायऱ्या उंच आणि खड्या आहेत. त्याच मशिदीला पूर्वेकडून बादशाही दरवाजा आहे, तिथे पायऱ्या बऱ्याच कमी आहेत. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिकडूनच न्यायला हवं. नोंदणी करताना तुम्ही त्यांचं वय लिहिलं होतं, आम्ही पुढचं विचारलं नाही. आता चालण्याची, चढण्याची अडचण आम्ही प्रत्येकाला फोन करून विचारतो.

दोन गोष्टींत मात्र माझं मत वेगळं आहे, आणि ते मनापासून सांगते.

सिक्रीचे महाल रिकामे आहेत, पण बघण्यासारखं काही नाही असं नाही. अकबराने 1571 च्या सुमारास राजधानी म्हणून हे शहर वसवलं आणि 1585 मध्ये तो लाहोरला निघून गेला. त्यामुळे एकाच पिढीने बांधलेलं, नंतर फारसं न बदललेलं शहर तिथे बघायला मिळतं. दिवाण-ए-खास म्हणजे खासगी दरबाराच्या दालनाच्या मधोमध एकच खांब आहे, वर जाताना तो फुलासारखा उमलतो आणि त्याला छत्तीस तोडे, म्हणजे वरचा भार पेलणारे दगडी आधार, आहेत. तुमची लेक मान वर करून ते मोजत होती, एकतीसवर चुकली की पुन्हा पहिल्यापासून, असं गाइडने मला सांगितलं. ते अडीच तास वाया गेले असं मी म्हणू शकत नाही. ते चुकीच्या दिवशी दिले, एवढंच.

दुसरी गोष्ट महाराजांची. ही तक्रार मी फार आस्थेने वाचली, कारण आपल्याकडचा जवळजवळ प्रत्येक माणूस त्या किल्ल्यात हाच प्रश्न विचारतो. पण महाराज किल्ल्यातल्या कोठडीत नव्हतेच. 12 मे 1666 रोजी औरंगजेबाच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या दरबारात त्यांचा अपमान झाला. त्यानंतर ते किल्ल्याबाहेर, मिर्झाराजे जयसिंगांचा मुलगा रामसिंह याच्या तळाजवळच्या आपल्या मुक्कामावर नजरकैदेत होते, भोवती आग्र्याचा कोतवाल फौलादखान याचा पहारा होता. तिथूनच 17 ऑगस्टला ते निसटले. किल्ल्यात कुणी एखादी अंधारी खोली दाखवून "हीच ती" म्हणालं तर लोक तिथे डोकं टेकवतील, भारावूनही जातील, पण ते खोटं असेल. आमच्या गाइडने ते केलं नाही याचा मला अभिमान आहे. त्याने ही हकिकत दरबाराच्या जागी थांबून नीट सांगायला हवी होती. ती त्याने दोन वाक्यांत उरकली, हे त्यानेच कबूल केलं.

शुक्रवारी तुम्ही इत्मादुद्दौलाची कबर पाहिलीत, तिला "ताजची भरपाई" म्हटलंत. ती आमच्या कार्यक्रमात पहिल्यापासून होती. नूरजहानने वडिलांसाठी बांधलेली ही वास्तू ताजच्या आधीची. संगमरवरात रंगीत दगड बसवून काढलेल्या सुरया, सरूची झाडं, फळं तिथे हातभर अंतरावरून दिसतात. तरी ताज तो ताज, हे मलाही मान्य आहे.

ताजचं तिकीट 50 आणि मुख्य कबरीचे 200, असे माणशी 250 रुपये परत करून मी मोकळी होऊ शकत नाही. आग्र्याच्या दोन्ही दिवसांचे पूर्ण पैसे चौघांचे मिळून आज तुमच्या खात्यात पाठवले आहेत. यापुढे आमची कुठलीही सहल गुरुवारी आग्र्यात पोचणार नाही. ताजसाठी दोन वेगवेगळे दिवस हाताशी राहतील. थंडीत पहाटेचा ताज आम्ही घेणार नाही, कारण धुक्यात समोरचा घुमटही दिसत नाही. अकराच्या पुढे ऊन आलं की जाऊ. आणि वाटेत कार्यक्रम फिरवायचा अधिकार टूर मॅनेजरचा असेल.

सासूबाईंशी मला स्वतः बोलायचं आहे. आज संध्याकाळी सातनंतर फोन करते.