‘एसीत बसून’ : जागृत लातूरकर यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

जागृत लातूरकर, नमस्कार.

टीव्हीवरच्या गुन्हे-कार्यक्रमांमुळं सापडलेल्या फरारी आरोपींचं पुढं काय होतं, यावर मी गेल्या आठवड्यात ‘पकडला, पुढं काय?’ हा लेख लिहिला. त्याखाली आपण प्रतिक्रिया दिलीत. कुणाला शोधत बसायला नको म्हणून ती इथं जशीच्या तशी देतो, उद्गारचिन्हांसकट :

“लेखकमहाशय, तुम्हाला गुन्हेगारांचा फारच पुळका आलेला दिसतो!!! अठरा वर्षं न सापडलेला माणूस कार्यक्रमानंतर अकरा दिवसांत सापडतो, हे यश नाही का? आधी वर्ष तरी बरोबर लिहा, जॉन लिस्ट 1988 ला नाही, 1989 ला पकडला. ज्यांची माणसं गेली त्यांना आरोपीच्या हातात बेड्या बघूनच झोप लागते, त्यांना विचारलंत का कधी? एसीत बसून लिहिणाऱ्यांच्या घरात कुणाचा खून झाला असता म्हणजे समजलं असतं. बाकी असले लेख लिहिणं सोपं असतं.”

सहा वाक्यं आहेत. मतभेदाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. या ब्लॉगवर आजवर वाटेल तेवढे मतभेद छापलेत. पण ‘लेखकमहाशय’ कशाला? बत्तीस वर्षं कोर्टात नोकरी केली, वकीलसाहेब म्हटलं, फिर्यादीला ताई-दादा म्हटलं, आरोपीलासुद्धा अहो-जाहो केलं, पण टोमणा मारायला महाशय कुणाला म्हटलं नाही. आणि ती तीन उद्गारचिन्हं! एकात भागलं नसतं का?

वर्षाचं मान्य. चूक माझी. न्यू जर्सीतल्या वेस्टफिल्डमध्ये 1971 च्या नोव्हेंबरात आई, बायको आणि तीन मुलांना मारून पळालेला जॉन लिस्ट 1 जून 1989 ला व्हर्जिनियात सापडला. तिकडच्या टीव्हीवरच्या ‘अमेरिकाज मोस्ट वाँटेड’ या कार्यक्रमात 21 मे रोजी त्याच्यावरचा भाग दाखवला होता. शिल्पकार फ्रँक बेंडर यांनी तो म्हातारपणी कसा दिसत असेल याचा अंदाज बांधून पुतळा केला होता, तो बघून लोकांनी ओळखला. तेव्हा तो रॉबर्ट क्लार्क नावानं दुसरा संसार थाटून हिशेबनीसाचं काम करत होता. मी 1988 लिहिलं, कारण तो कार्यक्रम 1988 च्या फेब्रुवारीत सुरू झाला आणि पहिल्याच भागातला डेव्हिड जेम्स रॉबर्ट्स चार दिवसांत पकडला गेला. डोक्यात ते वर्ष बसलं होतं. लेखात दुरुस्ती केली आहे. चुकलं की चुकलं म्हणावं, एवढी रीत आमच्याकडं आहे.

आता पाचवं वाक्य.

एसी. मालक, मी परभणीला राहतो. मे महिन्यात परभणीचा पारा कुठं जातो हे लातूरच्या माणसाला सांगायला नको. आमच्या घरी एक कूलर आहे, 2006 सालचा, वाळ्याच्या ताट्या दरवर्षी बदलाव्या लागतात. त्यात पाणी टाकायचं की ते भांड्यांना ठेवायचं यावर उन्हाळाभर चर्चा चालते. तो लेख मी रात्री गच्चीवर बाजेवर बसून फोनवर टाइप केलेला आहे. जोडाक्षरं चुकली असतील तर त्यामुळं. नोकरीतही एसी न्यायाधीशांच्या दालनात होता. आम्ही रेकॉर्डच्या गठ्ठ्यांमध्ये बसायचो, आणि पंखा जोरात लावला की तारखेचे कागद उडतात म्हणून तोही एकवर. कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो आणि सहायक अधीक्षक म्हणून 2019 ला निवृत्त झालो. मधल्या काळात एसीत बसल्याचं एकदाच आठवतं, मुंबईला प्रशिक्षणाला गेलो होतो तेव्हा. सर्दी झाली.

तुम्ही म्हणाल, मुद्दा एसीचा नव्हता. मग लिहिला कशाला?

वाक्याचा दुसरा अर्धा भाग. ‘घरात कुणाचा खून झाला असता म्हणजे.’ तुमच्या लातुरात काय पद्धत आहे ठाऊक नाही. आमच्याकडं अनोळखी माणसाच्या घरातल्या मयताचा विषय असा रस्त्यावर काढत नाहीत. पण काढलाच आहे तर ऐका. माझा धाकटा मेहुणा 1996 साली जिंतूर तालुक्यात बांधाच्या भांडणात कुऱ्हाडीनं मारला गेला. आरोपी दोघं. एकाला शिक्षा झाली. दुसरा त्या रात्री गेला तो गेला. ऊसतोडीच्या टोळीत आहे म्हणायचे, कुणी सुरतेला बघितला म्हणायचे. त्याच्या नावाचं स्टँडिंग वॉरंट निघालं, ते अजून उभंच आहे. त्याच्यावर कुणी एपिसोड केला नाही. बांधावरून झालेला खून, त्यात प्रेमप्रकरण नाही, करोडोंची मालमत्ता नाही, कोण बघणार? सासूबाई वारल्या 2009 ला. त्यांना झोप लागायची की नाही, हे तुम्हाला सांगायला मी बांधील नाही.

तेव्हा ‘समजलं असतं’ हे वाक्य मागं घ्यावं, ही विनंती. विनंतीच आहे.

आणि ‘गुन्हेगारांचा पुळका’. मला ज्या माणसाचा पुळका आलाय असं तुम्हाला वाटतं, तो माणूस मी लेखात दोन ओळींत उरकला होता. आता सविस्तर लिहितो. गाव-तालुका लिहीत नाही, त्याचे लोक आहेत.

खून 1999 चा. चौघं आरोपी, तिघं सापडले, हा चौथा फरार. त्याची केस वेगळी काढली आणि तिघांचा खटला चालला. फरारीच्या गैरहजेरीतही साक्षी नोंदवून ठेवता येतात, तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 299 खाली. म्हणजे पुढं तो सापडेपर्यंत साक्षीदार मेला, तर ती नोंदवलेली साक्ष त्याच्याविरुद्ध वाचता येते. पण त्यासाठी सरकार पक्षानं तसा अर्ज द्यावा लागतो आणि आरोपी फरार आहे, लवकर सापडण्याची शक्यता नाही, हे आधी सिद्ध करावं लागतं. तो अर्ज कुणी दिला नाही. फाइल सुप्त संचिकेत गेली, म्हणजे कपाटाच्या वरच्या फळीवर.

दहा-अकरा वर्षांनी एका वाहिनीवर त्या खुनाचं नाट्यरूपांतर दाखवलं. शेवटी आरोपीचा खरा फोटो. कोल्हापूरकडं कुठल्याशा ढाब्यावर ऊसतोडीच्या टोळीच्या मुकादमानं तो बघितला आणि फोन केला. हा त्याच्याच टोळीत मोळ्या बांधत होता. 2011 मध्ये आणला. त्या दिवशी आमच्या आवारात मी तीन कॅमेरे मोजले. सात दिवस पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, मग एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी, मग हर्सूलचा तुरुंग. कॅमेरे पीसीआरच्या पहिल्या दिवशी होते. दुसऱ्या दिवसापासून नाहीत.

पुढची सहा वर्षं तो आत होता, एकही शिक्षा न लागता. जामीन? बारा वर्षं पळालेल्या माणसाला जामीन कोण देणार, आणि दिला तरी सातबारा घेऊन जामीनदार म्हणून कोण उभा राहणार? यात तो एकटा नव्हे. 2022 च्या सरकारी आकडेवारीत देशातल्या तुरुंगात दर चार बंद्यांमागे तीन कच्चे, म्हणजे खटला न संपलेले आहेत, 75.8 टक्के.

खटला उभा राहिला तेव्हा अकरा साक्षीदारांपैकी चार वारलेले. त्यांच्या साक्षी तिघांच्या खटल्यात झालेल्या होत्या, कागदावर होत्या, पण 299 चा अर्ज नव्हता म्हणून याच्याविरुद्ध त्या वाचता येईनात. दोघं चाकणला कामाला गेले होते, समन्स परत यायचं. एक फितूर झाला. मुद्देमालातली कुऱ्हाड सापडली, पण तिच्यावरची चिठ्ठी वाळवीनं खाल्लेली, म्हणजे ती कुऱ्हाड कुणाची हे कुऱ्हाडीलाच विचारायचं. उरली एक नजरेनं बघणारी बाई. ओळख परेडमध्ये तिनं त्याला बरोबर ओळखलं होतं. उलटतपासात बचावाच्या वकिलांनी तिला एकच गोष्ट विचारली, ‘बाई, परेडच्या आधी यांचा चेहरा टीव्हीवर बघितला होता का?’ ती म्हणाली, ‘बघितला की, समद्या गावानं बघितला.’ वकील खाली बसले.

यासाठीच तर पोलीस आरोपीला तोंडावर कापड घालून नेतात, जागृतराव. चेहरा आधी दाखवला की ओळख परेडला अर्थ उरत नाही. पण हे एसीत न बसणाऱ्यांना ठाऊक असेलच.

तो 2017 ला सुटला. त्यानं केलं होतं की नाही, मला सांगता येणार नाही, कोर्टालाही आलं नाही. तीन महिन्यांनी तो माझ्या टेबलासमोर उभा राहिला, अंगझडतीत जप्त झालेली रक्कम मागायला. आदेश होता. पाकीट उघडलं, बाराशे चाळीस रुपये. पाचशेच्या दोन नोटा, शंभराच्या दोन, दहाच्या चार. पाचशेच्या नोटा जुन्या, नोटाबंदीत मेलेल्या. पंचनाम्यात नोटांचे नंबर लिहिलेले नव्हते, त्यामुळं बदलून मिळायचीही सोय नाही. मी त्याला दोनशे चाळीस मोजून दिले आणि त्या दोन नोटाही दिल्या, त्याच्या होत्या म्हणून. तो म्हणाला, ‘सायेब, ह्येचं काय करू?’ मी म्हणालो, ‘सही करा इथं.’ एवढंच बोलणं झालं. याला पुळका म्हणत असाल तर म्हणा.

तुमचा जॉन लिस्ट मे 1990 मध्ये शिक्षा होऊन बसला, सलग पाच जन्मठेपी, पकडल्यापासून वर्षाच्या आत. 2008 मध्ये कैदेतच मेला. तिथं बेड्या पडल्यावर खटला तयार होता म्हणून अकरा दिवसांना किंमत आली. आपल्याकडं कार्यक्रम तिकडून आणला (झी टीव्हीवर 1998 मध्ये ‘इंडियाज मोस्ट वाँटेड’ सुरू झाला), मागची यंत्रणा आणायची राहिली. त्या कार्यक्रमाचे सूत्रसंचालक सुहैब इलियासी यांनाच पुढं पत्नीच्या मृत्यूच्या खटल्यात 2017 ला जन्मठेप झाली आणि 2018 ला दिल्ली उच्च न्यायालयानं निर्दोष सोडलं. पत्नीचा मृत्यू 2000 चा. अठरा वर्षं. त्यावर तुम्हीच काय ते म्हणा. आता जुन्या प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम 356 आलंय, घोषित फरारीविरुद्ध त्याच्या गैरहजेरीत पूर्ण खटलाच चालवता येईल, दोषारोप ठेवल्यापासून नव्वद दिवस थांबून. चालतो की नाही बघू. मी असेन-नसेन.

राहिलं तुमचं चौथं वाक्य, ज्यांची माणसं गेली त्यांना विचारलंत का वगैरे. त्यावर खूप लिहिता येईल. ‘अमेरिकाज मोस्ट वाँटेड’चे जॉन वॉल्श यांचा सहा वर्षांचा मुलगा 1981 मध्ये पळवून मारला गेला, आणि त्यांच्या कार्यक्रमानं हजारावर फरारी पकडून दिले तरी मुलाच्या प्रकरणात कुणावर खटला उभा राहिला नाही. ज्याच्यावर पोलिसांनी 2008 मध्ये ठपका ठेवला, तो ऑटिस टूल 1996 मध्येच तुरुंगात मेला होता. हा वेगळा विषय आहे, पुन्हा कधीतरी. सहाव्या वाक्याला उत्तर देण्यासारखं काही नाही.

आपली मूळ प्रतिक्रिया काढलेली नाही, पाचवं वाक्य तेवढं काढलंय, कारण आमच्या घरी ब्लॉग वाचतात. या उत्तरात ते ठेवावं लागलं, त्याशिवाय वरचं सगळं कशाबद्दल आहे हे कळलं नसतं. घरी सांगितलं होतं, हे उत्तर वाचू नका म्हणून. त्यांनी वाचलं. मेहुण्याबद्दल काही बोलल्या नाहीत. विचारलं एवढंच, की त्या 1999 च्या खटल्यात ज्याचा खून झाला त्याची बायको होती का?

होती. दर तारखेला यायची, सकाळच्या एसटीनं. जिन्याखाली बसायची, डबा सोबत आणायची. निकालाच्या दिवशीही होती. पुढं तिचं काय झालं, म्हणाल्या. मला माहीत नाही. तिचा पत्ता फायलीत होता, फाइल रेकॉर्ड रूमला गेली.

हे तुमच्या बाजूचं धरू नका.